टीएमटी पॉझिटिव्ह, इको नॉर्मल... मग खरं काय, डॉक्टर?

गेल्या अंकात म्हटलं होतं की हार्टच्या रिपोर्टबद्दल काही शंका असतील तर पाठवा, आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जो फोटोंचा ढीग पडलाय तो बघून मीच गार झालो. कित्येकांनी नुसता ईसीजीच्या पट्टीचा फोटो टाकलाय, ना वय, ना तक्रार, खाली एवढंच की ‘बघा कसा आहे’. अहो कसा आहे ते मी कसं सांगणार? छातीत दुखत होतं म्हणून काढलाय, का मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लागतो म्हणून, का विम्याच्या मेडिकलला, हे कळल्याशिवाय त्या पट्टीला अर्थच नाही, आणि माझ्या मते गोंधळ सुरू होतो तो इथूनच. म्हणून यावेळी ज्यांनी सगळी हकिकत लिहिलीय त्यांचेच प्रश्न घेतलेत. गावं ठेवलीत, नावं काढलीत.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): नमस्कार डॉक्टर, माझं वय ४४, शाळेत शिकवते. आमच्या स्टाफमधल्या चौघींनी मिळून एका ठिकाणचं फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं, चौघी असल्या की स्वस्त पडतं म्हणून. मला कसलाच त्रास नाही, रोज सकाळी आमराईत चालायला जाते, शुगर बीपी नॉर्मल. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, आणि टीएमटीवर, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढतात त्या ईसीजीवर, लिहून आलं ‘माइल्डली पॉझिटिव्ह’. ९ मिनिटं १० सेकंद चालवलं मला त्या पट्ट्यावर. तिथले डॉक्टर म्हणाले अँजिओग्राफी करून घ्या. मिस्टर म्हणतात पुण्याला जाऊ, सासूबाई म्हणतात काही होत नाही गं, आणि मला रात्री झोप नाही, आता तर खरंच छातीत धडधडायला लागलंय. तीन रिपोर्टमधला एक खोटं बोलतोय का दोन?

उत्तर: ताई, खोटं कुणीच बोलत नाहीये, तिघंही वेगवेगळं काहीतरी बघतात. साधा ईसीजी झोपवून काढतात, त्यात हृदयातली वीज कशी फिरते ते कळतं. इकोमध्ये हृदयाच्या भिंती किती हलतात, झडपा कशा उघडतात मिटतात ते दिसतं. पण ब्लॉक ज्यात होतो त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, त्या काही नेहमीच्या इकोत तपासत नाहीत. त्यामुळे ७०-८० टक्के ब्लॉक असलेल्या माणसाचा सुद्धा आरामात पडलेला असताना ईसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. म्हणजे ‘दोन विरुद्ध एक’ असं मतदान इथं चालत नाही.

टीएमटीमध्ये हृदयाला कामाला लावून बघतात. तुम्हाला ज्या पद्धतीने चालवलं तिला ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात, अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६०च्या दशकात ती बसवली. सुरुवातच ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ, मग दर ३ मिनिटांनी वेग पण वाढतो आणि चढ पण. नाडी किती वर न्यायची तर २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के, तुमच्या बाबतीत १५०च्या आसपास. तुम्ही ९ मिनिटं काढलीत म्हणजे तीन स्टेज पूर्ण केल्यात, हे ४४व्या वर्षी चांगलंच आहे, आणि गंमत म्हणजे रिपोर्टमधली ही सगळ्यात कामाची ओळ कुणी वाचतच नाही. सगळे बघतात तो एसटी नावाचा रेषेचा तुकडा, तो १ मिलिमीटर म्हणजे कागदावरचा एक बारीक चौकोन खाली उतरला की पॉझिटिव्ह. आता बायकांमध्ये ब्लॉक नसतानाही हा तुकडा खाली जाण्याचं प्रमाण जास्त असतं, हिमोग्लोबिन कमी असेल तरी जातो (आपल्याकडे कित्येक बायकांचं नऊ-दहाच असतं, तुमचं किती आहे ते लिहिलं नाहीत), काही गोळ्यांनी जातो, बीपीमुळे हृदयाची भिंत जाड झाली असेल तरी जातो.

आता हिशोब करू, तुम्ही शिकवता तुम्हाला पटेल. ज्यांना खरंच ब्लॉक आहे अशा १०० जणांपैकी टीएमटी ढोबळमानाने ७० जणांना पकडते. ज्यांना काही नाही अशा १०० पैकी वीस-पंचवीस जणांना उगाचच पॉझिटिव्ह ठरवते. तुमच्यासारख्या, काही त्रास नसलेल्या १०० बायका घ्या आणि समजा त्यातल्या ५ जणींना खरा ब्लॉक आहे. त्यातल्या ३-४ सापडतील, आणि उरलेल्या ९५ मधल्या विसेक जणी विनाकारण पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट २३-२४ जणींच्या हातात आणि आजार ३-४ जणींना. आता याउलट मार्केट यार्डात बसणारे साठीचे व्यापारी घ्या, तंबाखू चालू, शुगर आहे, जिना चढला की छाती भरून येते आणि थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, असे १०० जण. त्यातल्या समजा ८० जणांना ब्लॉक आहे. टीएमटी ५६ जणांना पकडेल, आणि बाकीच्या २० मधले चारेक जण उगाच पॉझिटिव्ह येतील, म्हणजे यांच्यात पॉझिटिव्ह आला तर तो जवळपास खराच. उलट यांच्यातल्या ज्या ४० जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल त्यात २४ जणांना ब्लॉक असेल! मशीन तेच, कागद तोच, शब्द पण तोच. माणूस बदलला की अर्थ बदलला.

म्हणून सरळ अँजिओग्राफीच्या टेबलावर जाऊ नका, आणि सासूबाईंचं ऐकून रिपोर्ट कपाटात पण टाकू नका. सगळे कागद, टीएमटीच्या पूर्ण पट्ट्यांसकट, घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना भेटा आणि एवढं विचारा: एसटी कितव्या मिनिटाला उतरला, थांबल्यावर किती वेळात जागेवर आला, आणि चालताना बीपी वाढत गेलं का मध्येच पडलं. पहिल्या-दुसऱ्या स्टेजलाच बदल आला, बीपी पडलं, छातीत दुखलं, थांबल्यावर पण पाच-सात मिनिटं बदल राहिला, तर प्रकरण गंभीर. शेवटच्या मिनिटाला एक चौकोन उतरला आणि लगेच वर आला तर तेवढं काळजीचं नाही. शंका राहिलीच तर स्ट्रेस इको (हृदयाला कामाला लावून काढलेला इको) किंवा सीटी अँजिओ (स्कॅन करून वाहिन्या बघणं) असे मधले रस्ते आहेत. आणि या दरम्यान चालताना छातीवर दाब आला, दम लागला, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

ती पॅकेजची गोष्ट मात्र मला खटकते. धोका कमी आणि त्रास काही नाही अशा माणसांची नुसती चाचपणी म्हणून ईसीजी, मग तो साधा असो वा पट्ट्यावरचा, करू नये असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१८ साली सांगितलंय, कारण हेच जे तुमचं झालंय. चौघींत स्वस्त पडलं खरं, पण पुण्याची अँजिओग्राफी त्यात धरली का?

प्रश्न (तासगाव तालुका): डॉक्टरसाहेब, वय ६१, द्राक्षबाग हाय दोन एकर. बीपीची गोळी सात-आठ वर्षं चालू. औषध मारताना दम लागला म्हणून पोरानं सांगलीला नेऊन इको काढला. त्यात ईएफ ६० टक्के लिहिलंय, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, ट्रिव्हियल एमआर, माइल्ड टीआर, नो आरडब्ल्यूएमए. डॉक्टर बोलले काही नाही, पण पोरानं मोबाईलवर बघितलं आणि आता घरात सगळी म्हणायल्यात की हार्ट साठ टक्केच चालतंय, चाळीस टक्के गेलं, बागेत पाऊल टाकायचं नाही. डॉक्टर लपवायल्यात काय?

उत्तर: दादा, काही गेलेलं नाही. डाव्या कप्प्यात साधारण १२० मिली रक्त भरतं आणि एका ठोक्याला त्यातलं ७० मिलीच्या आसपास बाहेर पडतं, बाकीचं आतच राहतं, धडधाकट पैलवानाचं पण राहतं. ७० भागिले १२०, ते झालं ५८ टक्के, यालाच ईएफ म्हणतात. ५५ ते ७० नॉर्मल. १०० टक्के कुणाचंच नसतं. ४० किंवा त्याखाली गेलं की हृदयाचा पंप कमजोर म्हणतात, ४१ ते ४९ म्हणजे थोडा कमजोर. आणि हा आकडा बघणाऱ्याच्या नजरेवर पण असतो, आज ६० आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे ५५ आला म्हणून बोंब मारायची नाही.

ग्रेड वन म्हणजे आकुंचन झाल्यावर हृदय पुन्हा सैल पडायला जरा वेळ घेतंय, साठीनंतर आणि जुन्या बीपीत हे इतक्या जणांना लिहून येतं की आम्ही डॉक्टर त्या ओळीवरून नजर पुढे नेतो, आणि पेशंटला वाटतं लपवलं. खरं तर दोन मिनिटं बसून सांगायला पाहिजे, ते होत नाही, ओपीडीत गर्दी असते, पण ती सबब झाली. ट्रिव्हियल एमआर आणि माइल्ड टीआर म्हणजे झडपेतून किंचित रक्त मागं येतंय, एवढं चांगल्या माणसातही दिसतं. सगळ्यात चांगली ओळ शेवटची आहे, नो आरडब्ल्यूएमए, म्हणजे हृदयाची कुठलीच भिंत बाकीच्यांपेक्षा कमी हलत नाही, जुन्या अटॅकची खूण नाही.

पण मुद्दा वेगळाच राहिला. तुम्हाला दम लागला होता, आणि इको चांगला आला म्हणून दम का लागला ते काही कळलं नाही. तो मास्क न लावता औषध मारल्याने लागला, का चढावर नुसतं चालताना पण लागतो, का रात्री आडवं पडल्यावर? चालताना लागत असेल तर इको नॉर्मल असूनही पुढची तपासणी हवी, वर ताईंना सांगितलं तेच. बीपी घरी मोजून वहीत लिहा, हिमोग्लोबिन आणि छातीचा एक्सरे काढून घ्या. फवारताना मास्क लावा, रुमाल बांधला म्हणजे मास्क नव्हे. ते उत्तर मिळेपर्यंत पंप मुलाच्या पाठीवर, बागेत चक्कर मारायला हरकत नाही.

प्रश्न (विटा): आईचं वय ६८. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला तर वर छापून आलं ‘पुअर आर वेव्ह प्रोग्रेशन, पॉसिबल ओल्ड अँटीरियर इन्फार्क्ट, अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’. ऑपरेशन पुढं ढकललं. आईला कधी अटॅक आलेला नाही. न कळता येऊन गेला का?

उत्तर: येऊन जाऊ शकतो, शुगरवाल्यांमध्ये विशेषतः, पण तुमच्या आईचं तसं असण्यापेक्षा छातीवरची ईसीजीची बटणं वर लागली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ती छापील ओळ मशीनने लिहिलेली असते, तिच्या खाली किंवा बाजूला ‘अनकन्फर्म्ड’ असं पण असतं बघा, म्हणजे कुणी डॉक्टरने अजून बघितलं नाही. छातीवर जी सहा बटणं लावतात ती बायकांमध्ये संकोचापायी किंवा घाईत एक-दोन बोटं वर लागतात आणि मग मशीनला वाटतं जुना अटॅक. नीट बटणं लावून पुन्हा काढा, खर्च मोठा नाही. तसंच आलं तर इको, त्यात भिंती चांगल्या हलत असतील तर बहुतेक विषय संपला. आईचा चार-पाच वर्षांपूर्वीचा ईसीजी घरात असेल तर शोधा, तेव्हाही असाच असेल तर अर्धी चिंता गेली. आणि एक, तो कागद थर्मल असतो, काही वर्षांत पुसट होतो, म्हणून झेरॉक्स मारा नाहीतर फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं अख्खा कागद काळा पडतो, फाईलमध्ये काळाकुट्ट ईसीजी घेऊन आलेले लोक मी बघितलेत.

प्रश्न (मिरज): माझे मामा, वय ५२, रात्री जेवण झाल्यावर छातीत जळजळ, घाम, डावा हात जड. जवळच्या दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. पित्त आहे म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे चारला परत उठलं, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं तर मोठा अटॅक, अँजिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत. मग ईसीजीचा उपयोग काय, आणि त्या डॉक्टरची चूक नाही का?

उत्तर: त्या डॉक्टरांबद्दल मी इथं बसून निकाल देणार नाही, पण ईसीजी बद्दल सांगतो, आणि हे उत्तर कापून फ्रीजवर लावलंत तरी चालेल. ईसीजी १० सेकंदांचा असतो. त्या १० सेकंदांत रक्तवाहिनी अर्धवट उघडी असेल तर पट्टी स्वच्छ येते. पुरात आपण सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी काय विचारतो? पाणी किती फूट आहे ते तर विचारतोच, पण लगेच पुढचं, चढतंय का उतरतंय. ३८ फूट असेल आणि उतरत असेल तर माणूस निवांत झोपतो, ३८ असेल आणि चढत असेल तर ४० चा इशारा आणि ४५ चा धोका डोळ्यासमोर येतो आणि सामान वर चढवायला सुरुवात होते. अटॅकच्या संशयात पण एकच रीडिंग घेऊन घरी जायचं नसतं. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा ईसीजी, गरज पडली तर तिसरा, आणि सोबत ट्रोपोनिन. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो, दुखायला लागल्यावर पहिल्या तासात तपासलं तर नॉर्मल येऊ शकतं, म्हणून काही तासांनी परत करतात आणि दोन आकड्यांतला फरक बघतात. किडनीच्या जुन्या पेशंटचं ट्रोपोनिन एरवीही थोडं जास्तच असतं, तिथं तर वाढतंय का तेवढंच आहे हेच बघायचं.

मामांची हकिकत वाचतानाच कळतं की हे पित्त नव्हतं, घाम आणि हात जड, हे दोन शब्द पुरे होते. पण आपल्याकडे पहिला सोडा, मग ओवा, मग शेजारच्यांची पित्ताची गोळी, आणि यात दोन-तीन तास जातात. छातीवर दाब किंवा जळजळ, हात, जबडा, पाठ यापैकी कुठं कळ, घाम, दम, उलटीची भावना, असं काही मिनिटांपेक्षा जास्त टिकलं तर १०८ला फोन करा किंवा गाडी काढा, पेशंटला गाडी चालवू देऊ नका. जत-आटपाडीकडून यायला दीड-दोन तास जातात, तिकडच्यांनी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा, त्यात अटॅक दिसला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच देता येईल का ते विचारावं. बायका, म्हातारी माणसं आणि शुगरवाले यांच्यात छाती दुखेलच असं नाही, नुसता दम आणि घाम येतो. आणि ईसीजी नॉर्मल आहे म्हणून घरी जा असं कुणी म्हटलं आणि दुखणं थांबलेलं नसेल, तर ‘अर्ध्या तासाने परत काढाल का’ असं विचारायला अजिबात लाजू नका, त्यात डॉक्टरचा अपमान नाही.

प्रश्न (पलूस): वय ५५. सीटी अँजिओत एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी नळी) ४० टक्के ब्लॉक आणि कॅल्शियम स्कोअर ८५. छातीत वगैरे दुखत नाही. एक डॉक्टर म्हणतात गोळ्या घ्या, दुसरे म्हणतात आत्ताच स्टेंट टाकून मोकळे व्हा. कुणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, पहिल्यांचं. ४० टक्क्याला स्टेंट टाकत नाहीत. साधारण ७० टक्के झाल्यावर विचार सुरू होतो, डाव्या मुख्य नळीत ५०, आणि मधल्या आकड्यांत शंका असेल तर तार घालून दाब मोजतात, त्याला एफएफआर म्हणतात, तो ०.८० किंवा त्याखाली आला तर ब्लॉक अडवतोय असं धरतात. आणि टक्केवारी हा शेवटी डोळ्यांचा अंदाज असतो, एकच सीडी बघून एक ४० म्हणेल, दुसरा ५५. म्हणून नुसता कागद नाही, सीडी मागून घ्या, ती तुमची आहे.

२०२० साली इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास छापून आला, ३७ देशांतले ५१७९ पेशंट, तुमच्यापेक्षा जास्त आजार असलेले पण स्थिर. निम्म्यांना आधी गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि त्यावर अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. तीनेक वर्षांत मृत्यू आणि अटॅक यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांना छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्या गटात जास्त कमी झालं. हे अटॅक चालू असलेल्या माणसाला किंवा डाव्या मुख्य नळीत मोठा ब्लॉक असलेल्याला लागू नाही, त्यामुळे मिरजेच्या मामांची अँजिओप्लास्टी बरोबरच होती.

पण ४० म्हणजे काहीच नाही असंही समजू नका. बरेचसे अटॅक अशाच छोट्या ब्लॉकचा थर फुटून त्यावर गुठळी जमल्याने येतात, आणि तो थर घट्ट ठेवायचं काम स्टेंट नाही तर कोलेस्ट्रॉलची स्टॅटिन गोळी करते. ८५ स्कोअर म्हणजे नळीत चुना साचायला सुरुवात झालीय, शून्य नाही आणि ४०० पण नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, ७०च्या खाली आणायचं, तंबाखू-मिश्री असेल तर बंद, बीपी शुगर ताब्यात. गोळी घेतली आणि एलडीएल कमी आलं की ‘आता नॉर्मल झालं’ म्हणून बंद करणारे फार भेटतात, ते गोळीमुळे नॉर्मल असतं हो.

प्रश्न (कुपवाड): वय ३३, एमआयडीसीत नाईट शिफ्ट. धडधड होते म्हणून २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र) लावला, त्यात ३१२ व्हीपीसी आले. ३१२ वेळा हार्ट चुकलं म्हणजे काय राहिलं?

उत्तर: व्हीपीसी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधी पडलेला ठोका. २४ तासांत हृदय लाखभर वेळा पडतं, त्यातले ३१२ म्हणजे हजारात तीन. इको नॉर्मल असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं नसेल, आणि तुम्हाला कधी चक्कर येऊन पडायला झालं नसेल तर हे निरुपद्रवी असतं. इकोत दोष असेल, घरात असं कुणी गेलं असेल किंवा चक्कर येऊन पडला असाल, यातलं एक जरी असेल तर मात्र लगेच दाखवा. थायरॉईड आणि पोटॅशियम तपासा, आणि शिफ्टमध्ये किती चहा होतो तो मोजा.